दहा गुंठे

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी आयर्लंडला गेले होते. मुलगी-जावई डब्लिनला असतात. दोघांनाही सुट्टी नव्हती आणि मी आठ दिवस घरात बसून राहणार नाही, हे मुलीला चांगलं ठाऊक होतं. तिने परस्पर माझं नाव एका सहलीत घालून टाकलं. एक बस, अठ्ठावीस माणसं आणि फक्त बागा. किल्ले नाहीत, चर्च नाहीत, खरेदी नाही. मी म्हटलं, "अगं, मी जन्मभर इतिहास शिकवला. मला फुलांमधलं काय कळतं?" ती म्हणाली, "आई, गच्चीवरच्या कुंड्यांमधलं कळतं ना, तेवढं पुरे आहे."

बसमध्ये इंग्लंडमधल्या एका बागप्रेमी मंडळाच्या दहा-बारा बायका होत्या, काही जर्मन, एक डच जोडपं, काही अमेरिकन. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. कुणाच्या गळ्यात भिंग, कुणाच्या हातात वही. झाड दिसलं की पटकन त्याचं लॅटिन नाव घ्यायचे. मी आपली साडीवर स्वेटर, पायात बूट आणि हातात छत्री अशी त्यांच्यामागून चालत होते. माझ्या शेजारी बॉस्टनहून आलेली एक निवृत्त परिचारिका बसायची. तिची खापरपणजी रॉसकॉमन जिल्ह्यातून अमेरिकेला गेली होती. गावाचं नाव तिला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की ती लहान मुलगी होती आणि सोबत आई नव्हती.

पहिल्या दिवशी डब्लिनमधलीच ग्लासनेविनची वनस्पती उद्यानं पाहिली. डब्लिन सोसायटीने १७९५ साली ती सुरू केली. लोखंड आणि काचेची सुंदर हरितगृहं आहेत. ती रिचर्ड टर्नर नावाच्या लोहकारखानदाराच्या हातची. लंडनच्या क्यू गार्डनमधलं प्रसिद्ध ताडगृह उभारणाराही तोच. आत शिरलं की आपल्याकडच्यासारखी दमट हवा, केळी, नेचे, ऑर्किड. बाकीची मंडळी बाहेरच्या थंडीतून आत येऊन सुखावली आणि मला एकदम कोकणात गेल्यासारखं वाटलं.

तिथे आमच्या मार्गदर्शक बाईंनी एक तारीख सांगितली आणि माझे कान टवकारले. २० ऑगस्ट १८४५. या बागेचा प्रमुख डेव्हिड मूर याला त्या दिवशी बागेतल्या बटाट्याच्या पानांवर काळे डाग दिसले. त्या उन्हाळ्यात युरोपात बेल्जियम वगैरे भागांत हा रोग आला होता. तो आता आयर्लंडमध्ये पोचला होता.

हा रोग म्हणजे आपले शेतकरी ज्याला करपा म्हणतात तोच, बटाट्याचा उशिरा येणारा करपा. दमट, थंड हवा मिळाली की दोन-तीन दिवसांत शेत काळं पडतं. जमिनीतला बटाटाही सडतो आणि त्याचा वास लांबवर जातो. त्यावरचा उपाय म्हणजे मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना ते नवं नाही. पण ते फ्रान्समध्ये निघालं १८८५ साली. आयर्लंडला तोवर थांबणं परवडणारं नव्हतं.

कारण आयर्लंडचा गरीब माणूस जवळजवळ बटाट्यावरच जगत होता. धडधाकट मजूर दिवसाला पाच-सहा किलो बटाटा खायचा. सोबत मिळालं तर ताक. हे ऐकून हसू येईल, पण हिशेब सरळ होता. जमीन जमीनदाराची, बरेच जमीनदार इंग्रज वंशाचे, काही तर इंग्लंडमध्येच राहणारे. कुळाने गहू-ओट पिकवायचे, डुक्कर पाळायचं आणि ते विकून खंड भरायचा. पोटासाठी राहायचा तो एखादा तुकडा. एवढ्याशा जमिनीत घरभर पोटं भरणारं दुसरं पीक नाही. म्हणून बटाटा, आणि तोही बहुतेक 'लंपर' या एकाच जातीचा, कारण हलक्या जमिनीत तो भरघोस यायचा. या तुकड्याला तिथले लोक 'पोटॅटो गार्डन' म्हणत, म्हणजे बटाट्याची बाग. आपण नाही का, फूल नसलं तरी उसाच्या रानाला बागायत म्हणतो.

म्हणजे मी ज्या आयर्लंडमध्ये बागा पाहायला निघाले होते, तिथे दोन प्रकारच्या बागा होत्या. आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्यातला एकच होता.

दुसऱ्या दिवशी विकलो जिल्ह्यात पॉवर्सकोर्ट पाहिलं. त्या बागेचं वर्णन मी काय करू! वाड्यापासून खाली तळ्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे इटालियन धर्तीचे सज्जे, तळ्याकाठी पंख असलेले दोन घोडे, मध्ये कारंजं, आणि या सगळ्याच्या मागे शुगरलोफ नावाचा टोकदार डोंगर. डोंगर बागेच्या मालकीचा नाही, पण बाग अशी आखली आहे की तो बागेतच आहे असं वाटावं. आखणारा डॅनियल रॉबर्टसन. त्याला संधिवाताचा त्रास होता. तो म्हणे शेरीची बाटली घेऊन हातगाडीत बसायचा आणि मजूर ती गाडी ढकलत त्याला बागभर फिरवायचे. बाटली संपली की त्या दिवसाचं काम संपलं. ही गोष्ट सांगितल्यावर आमची अख्खी टोळी हसली. मीही हसले.

मग मार्गदर्शक बाई म्हणाल्या, हे सज्जे खोदायला शंभरावर माणसं बारा वर्षं लागली असं सांगतात. हे काम सहाव्या व्हायकाउंट पॉवर्सकोर्टने १८४० च्या दशकात सुरू केलं. तो १८४४ मध्ये वारला, वारस लहान होता, काम थांबलं. सातव्या व्हायकाउंटने वयात आल्यावर ते पुन्हा हाती घेतलं आणि १८७५ च्या सुमारास पुरं केलं. मी मनाशी वर्षं मांडली. कामाच्या सुरुवातीला ज्यांनी इथे फावडं मारलं आणि शेवटी ज्यांनी मारलं, त्यांच्यामध्ये एक दुष्काळ येऊन गेला होता. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती ६५ लाखांवर आली. सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि तापाने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली.

तिसरा दिवस किल्मॅकरा या बागेचा. तिथे मात्र मी पहिल्यांदा बागप्रेमींच्या पुढे होते, कारण तिथली झाडं आपल्याकडची निघाली. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या डोंगरांत हिंडला आणि तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनचं बी त्याने क्यूला पाठवलं. तिथून रोपं ग्लासनेविनला आणि ग्लासनेविनहून किल्मॅकराला गेली, कारण इथली माती आंबट आणि पाऊस जास्त. डेव्हिड मूर आणि पुढे त्याचा मुलगा फ्रेडरिक यांची इथल्या अ‍ॅक्टन घराण्याशी दोस्ती होती. मे महिन्यात तिथल्या एका लांबलचक वाटेवर लाल पाकळ्यांचा सडा पडतो. दोन्ही बाजूंना काळपट हिरवे आयरिश यू वृक्ष आणि पायाखाली तो सडा. चप्पल काढून चालावं असं वाटलं. पण थंडी!

तिथेच एक विचार डोक्यात शिरला आणि मग तो जाईना. १८४८ ते १८५० म्हणजे आयर्लंडमधली माणसं जहाजं भरभरून बाहेर जात होती तीच वर्षं. त्याच वर्षांत हिमालयातलं बी जपून, कागदात बांधून साता समुद्रापार येत होतं. यात हूकरचा काही दोष नाही. त्याचा या दुष्काळाशी संबंध नव्हता. मला फक्त त्या दोन प्रवासांच्या तारखा एका ओळीत दिसल्या.

चौथ्या दिवशी रॉसकॉमन जिल्ह्यातलं स्ट्रोक्सटाउन. माझी बॉस्टनची मैत्रीण सकाळपासून गप्प होती. तिथली भिंतींच्या आतली बाग १९९७ मध्ये पुन्हा उभी करून लोकांना खुली केली. तिच्यातला फुलझाडांचा लांबच लांब वाफा सगळ्या बेटांवर नावाजलेला. वाड्यात एक नवलाचं स्वयंपाकघर आहे. वरून कठड्याचा सज्जा. मालकीणबाई खाली उतरत नसत, वरूनच आठवड्याच्या जेवणाचा बेत लिहिलेला कागद खाली टाकत, असं सांगतात.

या वाड्याची कथाच वेगळी. १९७९ मध्ये गावातल्या जिम कॅलरी नावाच्या मोटारव्यावसायिकाने ही इस्टेट घेतली. त्याला खरं तर धंद्यासाठी थोडी जागा हवी होती. वाड्याच्या कचेरीत त्याला जुने कागद सापडले. खंडाच्या वह्या, पत्रं आणि त्यात क्लूनाही गावच्या कुळांनी १८४६ च्या ऑगस्टमध्ये केलेला एक अर्ज. अर्जाचं सार असं की पोरं आमच्यासमोर भुकेने रडताहेत, आम्हाला भीक नको, काम द्या. कॅलरी त्याच भागातला. त्याने तो कागद वाचला आणि वाडा विकायचा विचार सोडून दिला. १९९४ मध्ये तिथे दुष्काळाचं संग्रहालय उघडलं.

मालक मेजर डेनिस महॉन. कुळं खंड भरू शकत नव्हती आणि त्यांना पोसण्याचा कर जमीनदारावर बसत होता. कारभाऱ्याने हिशेब करून दाखवला की त्यांना पोसण्यापेक्षा कॅनडाला पाठवणं स्वस्त पडेल. १८४७ मध्ये १,४९० माणसं इथून पायी डब्लिनला निघाली. दीडशेवर किलोमीटर. तिथून लिव्हरपूल, तिथून चार जहाजांनी क्वेबेक. त्यातल्या 'व्हर्जिनियस' या जहाजावर ४७६ माणसं चढली आणि १५८ वाटेतच मेली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला मेजर महॉन घरी परतताना गोळी लागून ठार झाला.

आमच्या टोळीतल्या बऱ्याच जणांनी संग्रहालय अर्ध्या तासात उरकलं आणि वाफा पाहायला गेली. मी त्यांना नावं ठेवत नाही. सुट्टी काढून, पैसे भरून माणसं फुलं पाहायला आली होती. बॉस्टनची बाई मात्र त्या १,४९० नावांपाशी उभी राहिली. तिला जे आडनाव हवं होतं ते त्यात होतं, दोन-तीनदा होतं, पण ते त्या जिल्ह्यात आपल्याकडच्या शिंदे-जाधवांसारखं. ती आपलीच, असं म्हणायला आधार नव्हता. "आता काय करायचं?" असं तिने मला विचारलं. मी इतिहासाची शिक्षिका, मला उत्तर यायला हवं होतं. मी तिचा हात धरून उभी राहिले, एवढंच.

आता सरकारने काय केलं ते सांगायला हवं, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडायची, रस्ते करायचे. १८४७ च्या मार्चमध्ये या कामांवर सात लाखांहून जास्त माणसं होती. बायका, मुलंसुद्धा. मजुरी दिवसाला आठ-दहा पेन्स आणि धान्य महाग, त्यात थंडी. कुठेही न जाणारे असे रस्ते आजही आयर्लंडच्या डोंगरात दाखवतात. इस्टेटींभोवतीच्या उंच दगडी भिंतींपैकी कित्येक याच काळात पोटावारी बांधल्या गेल्या. त्यांना लोक दुष्काळी भिंती म्हणतात. बसच्या खिडकीतून मैलोन्‌मैल त्या दिसत राहतात. या सगळ्या मदतीची सूत्रं लंडनमध्ये चार्ल्स ट्रेव्हेलियनकडे होती. तो आधी हिंदुस्थानात नोकरी करून गेलेला, आपल्या मेकॉलेचा मेहुणा. लोकांना फुकट मिळायची सवय लागू नये, बाजारात हात घालू नये, ही त्याची तत्त्वं.

कामं परवडेनात म्हणून ती बंद केली आणि सूपवाटप केंद्रं काढली. ती योजना खरोखर चांगली चालली. १८४७ च्या जुलैत दिवसाला ३० लाख माणसं तिथे जेवत होती. क्वेकर पंथाच्या लोकांनी तर आधीपासूनच अशी केंद्रं चालवली होती. जगभरातून मदत आली. अगदी सुरुवातीला हात पुढे करणाऱ्यांत कलकत्ता होतं. १८४६ च्या सुरुवातीलाच तिथे निधी उभा राहू लागला आणि सुमारे १४ हजार पौंड जमले. त्यात तिथल्या आयरिश शिपायांचे पैसे होते, तसे हिंदी लोकांचेही होते. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या आदिवासींनी, स्वतः नुकतेच आपल्या भूमीतून हाकलले गेलेले असताना, १८४७ मध्ये १७० डॉलर पाठवले. आयर्लंड हे विसरलेलं नाही.

पण सूप केंद्रंही त्या उन्हाळ्याअखेर बंद झाली. त्यापुढे गरिबांचा भार स्थानिक करावर टाकला आणि त्या कायद्यात जून १८४७ मध्ये एक कलम घातलं गेलं. त्या कलमाच्या घरी आम्ही सहाव्या दिवशी गेलो.

गॉलवे जिल्ह्यातलं कूल पार्क. वाङ्मयाची आवड असलेल्यांना हे नाव ठाऊक असेल. लेडी ग्रेगरीचं घर. १९०४ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅबी थिएटरच्या संस्थापकांपैकी ती एक. येट्स तिथे उन्हाळे काढायचा. बागेत एक तांबूस पानांचा बीच वृक्ष आहे, त्याच्या बुंध्यावर तिने पाहुण्यांकडून आद्याक्षरं कोरून घेतली. येट्स, बर्नार्ड शॉ, सिंज, ओकेसी. आता बुंध्याभोवती कठडा आहे आणि साल वाढून अक्षरं पसरली आहेत, तरी शॉची तेवढी ठळक दिसतात. घर मात्र नाही. १९४१ मध्ये ते पाडलं. नुसता जोता उरला आहे.

लेडी ग्रेगरीचा नवरा सर विल्यम ग्रेगरी, वयाने तिच्याहून पस्तीस वर्षांनी मोठा. पुढे सिलोनचा गव्हर्नर झाला. पण १८४७ मध्ये तो डब्लिनचा तरुण खासदार होता आणि ते कलम त्याने मांडलेलं. इतिहासात ते ग्रेगरी कलम म्हणूनच ओळखलं जातं. कलम असं, की ज्याच्याकडे पाव एकरापेक्षा जास्त जमीन असेल, त्याला सरकारी मदत मिळणार नाही. हवी असेल तर जास्तीची जमीन त्याने आधी सोडावी.

इंग्रजीत 'क्वार्टर एकर' ऐकताना कानाला काही लागत नाही. कूल पार्कच्या त्या झाडाखाली उभं राहून मी सवयीने मराठीत हिशेब केला. एकराचे गुंठे चाळीस. पाव एकर म्हणजे दहा गुंठे.

आता माझ्या घरचं थोडं सांगते. मी नगर जिल्ह्यातली. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांची होते. आमचं रान होतं तीन एकर, सगळं कोरडवाहू. विहिरीजवळचा दहा गुंठ्यांचा तुकडा तेवढा भिजायचा. त्यात आईने वांगी, मिरच्या, चार शेवगे आणि कडेला झेंडू लावलेला असायचा. घरात त्याला 'बाग'च म्हणायचे. त्या वर्षी विहीर आटली आणि बागही गेली. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर जायला लागले. आई खडी फोडायची, मी शाळा सुटल्यावर धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिच्याकडे जायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो, मुलांना वाटलेली सुकडी, टँकरची वाट, हे सगळं माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. त्यातूनच आपली रोजगार हमी योजना पक्की झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

त्या कामांवर हाल होते, मुकादमांच्या लबाड्या होत्या, मोजमापात मारामार होती. मी काही गोड चित्र रंगवत नाही. पण एक गोष्ट मला कूल पार्कमध्ये कळली, ती तोवर कधी सुचली नव्हती. हजेरीपटावर नाव लावताना माझ्या आईला कुणी सातबारा मागितला नव्हता. दहा एकरवाला आणि भूमिहीन शेजारी शेजारी बसून खडी फोडत होते. दुष्काळ सरला, पाऊस पडला, तेव्हा आमचं तीन एकर रान आमचंच होतं. आई दुसऱ्याच आठवड्यात वांग्याचं रोप घेऊन आली.

आयर्लंडमध्ये १८४७ नंतर हे घडलं नाही. भुकेल्या माणसापुढे सरकारने दोनच वाटा ठेवल्या. जमीन धरून मर, नाहीतर जमीन सोडून जग. जमीन सोडली की जमीनदार झोपडीचं छप्पर उतरवायचा, म्हणजे परत यायला जागाच नको. मग दारिद्र्यगृह किंवा जहाज. पुढच्या वर्षी नियमात थोडी सूट दिली, बापाने जमीन सोडली नाही तरी बायको-मुलांना मदत मिळू लागली. पण तोवर कित्येक तुकडे रिकामे झाले होते. ग्रेगरी काही राक्षस नव्हता. सुशिक्षित, कलांची आवड असलेला माणूस. मदतीचा गैरफायदा कुणी घेऊ नये एवढंच आपण पाहतो आहोत, असं त्याला वाटलं असावं. मला भीती वाटते ती त्याचीच. कागदावर ते कलम किती रास्त दिसतं!

सातव्या दिवशी कॉनेमारात निघालो, कायलमोरच्या बागेकडे. ती बाग मँचेस्टरच्या मिचेल हेन्रीची. तो दुष्काळानंतर आला, दलदल उपसून त्याने कामं दिली, सहा एकरांच्या भिंतीआड एकवीस हरितगृहांत केळी आणि द्राक्षं पिकवली. १९२० पासून तिथे बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात आणि २००० साली त्यांनी ती बाग दुरुस्त करून खुली केली. बाग देखणीच आहे. पण त्याआधी किलरीच्या खाडीजवळ बस पाच मिनिटं थांबली होती, फोटोसाठी. समोरच्या डोंगरावर गवताखाली उभ्या पट्ट्या दिसत होत्या, कंगव्याने विंचरल्यासारख्या. मी विचारलं, हे काय? मार्गदर्शक बाई म्हणाल्या, बटाट्याचे जुने वरंबे. दुष्काळानंतर ते कसायला माणसंच उरली नाहीत. गवत वाढलं, मेंढ्या चरल्या, पण वरंबे मोडले नाहीत. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की आणखी स्पष्ट दिसतात.

कार्यक्रमपत्रिकेत नसलेली बाग ती हीच. बॉस्टनच्या बाईने एक फोटो काढला. फुलांचे तिने शेकडो काढले होते. या डोंगराचा एकच.

इतिहासाचं पुढचं पान सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. उरलेल्या कुळांची पोरं मोठी झाली आणि १८७९ पासून त्यांनी जमिनीसाठी चळवळ उभारली. आम्ही होतो त्याच्या जवळच, मेयो जिल्ह्यात, १८८० मध्ये एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावाने सगळे व्यवहार बंद केले. त्याचं पीक काढायला बाहेरून पन्नास मजूर आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य आणावं लागलं. पाचशे पौंडांच्या पिकासाठी दहा हजार पौंड खर्च झाले म्हणतात. त्या कारभाऱ्याचं नाव कॅप्टन बॉयकॉट. पंचवीस वर्षांनी हाच शब्द आपल्याकडे येऊन लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार झाला. १९०३ च्या कायद्याने सरकारने कर्ज देऊन जमिनी कुळांना विकत देवविल्या. आपल्या कुळकायद्याच्या कितीतरी आधी. जमीनदारांकडे वाडे आणि बागा उरल्या, त्या सांभाळायला खंड उरला नाही. १९२० ते १९२३ च्या धामधुमीत सुमारे पावणेतीनशे वाडे जळले. काही विकले गेले, काही सरकारकडे आले. ज्या भिंतींच्या आत कुळाला पाय ठेवता येत नव्हता, तिथे माझ्यासारखी नगरची बाई तिकीट काढून चहा-केक खाते आहे, त्यामागे एवढं सगळं आहे.

म्हणून कुणी मला विचारलं की त्या बागा पाहाव्यात का, तर मी म्हणते, जरूर पाहाव्यात. झाडांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही. किल्मॅकराचा तो लाल सडा मी अजून डोळे मिटून पाहते. फक्त जाताना बसच्या खिडकीतून भिंतीही पाहाव्यात आणि डोंगरांवरचे वरंबेही.

परत आल्यावर आईला भेटायला गावी गेले. आई आता नव्वदीला टेकली आहे, ऐकू कमी येतं. तिला मी मोबाइलवर फोटो दाखवले. पंखांचे घोडे पाहून ती हसली. मग मी तिला दहा गुंठ्यांच्या कायद्याची गोष्ट जरा मोठ्याने, दोनदा सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, ऐकूच आलं नाही.

मग म्हणाली, "मंग त्यांनी रान सोडलं का?"

म्हटलं, "सोडलं गं. बऱ्याच जणांनी सोडलं."

तिने दाराबाहेर पाहिलं. तिथे भावाने आता ठिबकवर डाळिंब लावलं आहे, कडेचे दोन शेवगे मात्र आईनेच ठेवायला लावले आहेत. म्हणाली, "आपल्याला न्हाई कुणी मागितलं. तिसऱ्या म्हयन्यात तुझा बाप इकायला निघाला व्हता. मी म्हटलं, खडी फोडून व्हतंय तवर फोडू."

हे मला तिने पन्नास वर्षांत सांगितलं नव्हतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)